सार्वजनिक गृहाची वास्तू : इंग्लिश खेड्यातील पब, मुंबईचे इराणी हॉटेल आणि द्रोणागिरीचा कोपरा

प्रस्तावना

एखाद्या वसाहतीचा विचार करताना आपण घरे, रस्ते, पाणीपुरवठा, शाळा आणि दवाखाने यांचा हिशेब मांडतो. घर आणि कामाचे ठिकाण यांच्या दरम्यान माणसाला विशेष कारणाशिवाय थांबता येईल, ओळखीच्या व अनोळखी अशा दोन्ही प्रकारच्या माणसांशी चार शब्द बोलता येतील, अशा जागेचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रेट गुड प्लेस' या ग्रंथात अशा जागेला 'तिसरे स्थान' ही संज्ञा दिली. घर हे पहिले स्थान, कामाची जागा हे दुसरे आणि समाजाच्या सहज भेटीगाठीची जागा हे तिसरे, अशी ही मांडणी आहे. इंग्लंडच्या खेड्यातील पब हे या तिसऱ्या स्थानाचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वास्तू कोणती, असा प्रश्न विचारला तर उत्तर मद्यगृहाकडे जात नाही, ते कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलाकडे जाते.

या दोन्ही वास्तूंवर लिहिताना बहुधा त्यांच्या खाद्यपेयांची व आठवणींची चर्चा होते. प्रस्तुत लेखात त्यांची वास्तुरचना समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे. जागेची निवड, दाराची दिशा, छताची उंची, गल्ल्याचे स्थान आणि टेबलाचा पृष्ठभाग या साध्या वाटणाऱ्या गोष्टी माणसांच्या परस्परव्यवहाराला कसा आकार देतात, हा या लेखाचा मुख्य विषय आहे. द्रोणागिरीसारख्या नव्याने आकार घेणाऱ्या वसाहतीच्या दृष्टीने या विवेचनातून काय हाती लागते, याचाही विचार शेवटी केला आहे.

इंग्लिश खेड्यातील पब : घराचे सार्वजनिक रूप

'पब' हे 'पब्लिक हाउस' या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'सार्वजनिक घर' असा होतो आणि त्याची वास्तुरचना या अर्थाला धरूनच विकसित झाली आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी अशा गृहांचे स्थूलमानाने तीन प्रकार होते. प्रवाशांना मुक्काम व घोड्यांना तबेला देणारे 'इन', द्राक्षमद्य विकणारे 'टॅव्हर्न' आणि घरी गाळलेली बिअर विकणारे 'एलहाउस'. खेड्यातील पबचा वारसा प्रामुख्याने यांपैकी तिसऱ्या प्रकाराकडून आला. एखादे कुटुंब आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत शेजाऱ्यांना बसवून पेय देई, आणि त्याच खोलीचे पुढे सार्वजनिक गृह होई.

यामुळे जुन्या ग्रामीण पबचे बाह्य रूप घरासारखेच असते. ओकच्या लाकडाचा सांगाडा, त्यात काटक्या व मातीचे लिंपण किंवा विटांचे बांधकाम, वर गवताचे किंवा कौलांचे उतरते छप्पर, आत ठेंगणे छत आणि उघड्या तुळया, अशी त्याची सर्वसाधारण रचना होय. खोलीच्या मध्यवर्ती भिंतीत मोठी शेकोटी असते. तिच्याभोवती उंच पाठीची लाकडी बाके असतात. ती बसण्यासाठी असतात आणि पाठीमागून येणारा गार वारा अडवण्याचेही काम करतात. जमिनीखाली तळघर असते. तेथे वर्षभर थंडावा राहात असल्याने बिअरची पिंपे टिकतात. ठेंगणे छत, लहान खिडक्या आणि शेकोटी या तिन्ही गोष्टी थंड व ओल्या हवामानात ऊब धरून ठेवण्यासाठी आहेत. आज ज्याला आपण पबची 'आत्मीयता' म्हणतो, तिचे मूळ बऱ्याच अंशी उष्णता वाचवण्याच्या गरजेत आहे.

पबच्या रचनेवर हवामानाइतकाच कायद्याचाही ठसा आहे. १५५२ च्या कायद्याने एलहाउस चालवण्यासाठी स्थानिक न्यायाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक ठरवला. १८३० च्या बिअर कायद्याने ठरावीक शुल्क भरणाऱ्या कोणत्याही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याची मुभा दिली आणि गावोगावी साध्या घरांची बिअरगृहे झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात 'पब्लिक बार' आणि अधिक सजवलेला, थोडा महागडा 'सलून बार' असे वर्गानुसार विभाग पडले. ज्यांना इतरांच्या नजरेस पडायचे नसे त्यांच्यासाठी 'स्नग' नावाची धुरकट काचेची छोटी खोली निघाली. स्त्रियाही अनेकदा तेथेच बसत. पब सर्वांसाठी खुला होता हे खरे, पण सर्वांसाठी सारखा खुला नव्हता, आणि ही विषमता भिंती व काचा यांच्या रूपाने वास्तूतच नोंदली गेली होती.

इराणी हॉटेलाची पार्श्वभूमी

मुंबईतील इराणी हॉटेलांचा काळ प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो. इराणमधील यझ्द व केरमान या प्रांतांतील झरथुष्ट्री समाज काजार राजवटीत अनेक सामाजिक निर्बंधांखाली जगत होता. मुंबईतील पारशी समाजाने १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हाटारिया यांना त्यांच्या साहाय्यासाठी इराणला पाठवले. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये झरथुष्ट्रींवरील जिझिया कर रद्द झाला. तथापि दारिद्र्य, दुष्काळ व असुरक्षितता यांमुळे स्थलांतर चालूच राहिले. मुंबईत आलेल्या या मंडळींना 'इराणी' म्हणून ओळखले जाऊ लागले. शतकांपूर्वी आलेल्या पारशांपेक्षा ते गरीब होते आणि त्यांच्यापाशी भांडवल कमी होते. चहा, पाव व बिस्किटे यांचा व्यवसाय त्यांनी जवळ केला. इराणमधून आलेल्या काही मुस्लिम कुटुंबांनीही हाच व्यवसाय केला.

कुलाब्याचे लिओपोल्ड (१८७१), धोबीतलाव येथील जेर महल इमारतीतील कयानी आणि कंपनी (१९०४), त्याच परिसरातील ससानियन (१९१३), ग्रँट रोड स्थानकासमोर सुरू झालेले बी. मेरवान (१९१४), बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३), किंग्ज सर्कलचे कूलर आणि कंपनी (१९३२) आणि फोर्टमधील कॅफे मिलिटरी (१९३३) ही या परंपरेतील प्रसिद्ध नावे होत. पुण्यात डेक्कन जिमखान्याजवळ १९३५ मध्ये सुरू झालेले कॅफे गुडलक हे त्याच परंपरेचे मुंबईबाहेरचे उदाहरण आहे. सनावळ्या लक्षपूर्वक पाहिल्या तर असे दिसते की, बहुतेक हॉटेले १९०० ते १९४० या चार दशकांत उभी राहिली. या काळात मुंबई शहराची पुनर्रचना चालू होती, ही बाब वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कोपऱ्याची जागा

इराणी हॉटेल कोपऱ्यावरच का, या प्रश्नाचे एक लोकप्रिय उत्तर असे दिले जाते की, हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत. त्यामुळे ती स्वस्तात मिळे आणि इराण्यांना असा समज नसल्याने ते ती घेत. या समजुतीत काही तथ्य असू शकेल. परंतु केवळ तिच्यावर विसंबून ही रचना पुरेशी उलगडत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून या मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंगा येथे नव्या वसाहती आखल्या. नवे रस्ते जुन्या गल्ल्यांना छेदू लागले की चौक निर्माण होतात आणि चौक म्हणजे कोपऱ्याचे भूखंड. शहरात अशा कोपऱ्यांची संख्या वाढत असतानाच इराणी मंडळी जागा शोधत होती. त्याच सुमारास ट्रामचे जाळेही विस्तारत होते. १८७४ मध्ये घोड्यांच्या बळावर सुरू झालेली ट्राम १९०७ पासून विजेवर धावू लागली. ट्राम थांबण्याची जागा, चौक आणि चहाचे हॉटेल यांची सांगड पडणे स्वाभाविक होते.

वास्तुशास्त्रीय दृष्टीने कोपऱ्याच्या जागेचे तीन लाभ आहेत. पहिला लाभ दोन दर्शनी बाजूंचा. मधल्या गाळ्याला एकच तोंड असते, तर कोपऱ्याच्या जागेला दोन रस्त्यांवर दारे उघडता येतात, आणि इमारतीचा कोपरा तिरपा छाटला असेल तर तिसरे प्रवेशद्वार चौकाकडे मिळते. दुसरा लाभ वायुवीजनाचा. दोन लगतच्या बाजू उघड्या असल्याने वारा एकीकडून येऊन दुसरीकडून बाहेर पडतो. दमट हवामानात माणसांनी भरलेल्या, चहाच्या वाफेने व भट्टीच्या उष्णतेने तापलेल्या दालनाला याची नितांत गरज असते. तिसरा लाभ दृष्टीचा. आत बसलेल्याला दोन रस्ते दिसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसले आहे ते दिसते. कोणाची वाट पाहण्यासाठी, कोणाला सहज गाठण्यासाठी ही रचना अत्यंत सोयीची ठरते.

इंग्लिश पबशी तुलना केली असता येथे एक मूलभूत भेद लक्षात येतो. पब थंडीकडे पाठ फिरवून शेकोटीभोवती गोळा होतो. इराणी हॉटेल उकाड्यापासून सुटका मिळवण्यासाठी रस्त्याकडे तोंड करून उघडते. पबचे छत ठेंगणे, इराण्याचे उंच. पबचे केंद्र आत, शेकोटीपाशी. इराण्याचे केंद्र दारापाशी, गल्ल्यावर. दोघांचे कार्य सारखे असूनही हवामानाने त्यांना परस्परविरुद्ध रूपे दिली आहेत.

अंतर्भाग : गल्ला, आरसा, टेबल, खुर्ची आणि फरशी

इराणी हॉटेलाच्या अंतर्भागाचा नियंत्रणबिंदू म्हणजे गल्ला. तो प्रवेशाजवळ आणि बहुधा किंचित उंचावर असतो. सागवानी लाकडाच्या या गल्ल्यावर बिस्किटांच्या काचेच्या बरण्या, मागे घड्याळ आणि पैगंबर झरथुष्ट्र यांची तसबीर, असे दृश्य नेहमीचे. अनेक ठिकाणी त्याच गल्ल्यावरून साबण, आगपेट्या, दंतमंजन अशा घरगुती वस्तूही विकल्या जात. त्यामुळे हॉटेलात चहा पिण्यासाठी न येणारे गिऱ्हाईकही दारात येई. खाणाऱ्यांचे दालन आणि परिसराचे किराणा दुकान ही दोन कार्ये एका गल्ल्याने जोडली होती.

भिंतींवरील मोठे आरसे केवळ शोभेसाठी नसतात. खोल दालनाच्या आतील बाजूस रस्त्यावरचा प्रकाश पोहोचवणे, जागा आहे त्यापेक्षा प्रशस्त भासवणे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला पाठीमागचे टेबलही दिसू देणे, अशी तिहेरी कामे ते करतात. हात धुण्याचे बेसिन बहुधा दालनातच आणि त्यावरही आरसा असतो. साहजिकच तेथे केस विंचरत उभे राहू नये, अशा अर्थाच्या सूचना लागल्या. इराणी हॉटेलांतील या सूचनाफलकांची ख्याती एवढी की, धोबीतलावच्या बास्तानी या हॉटेलातील फलकावरून निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली.

टेबलाचा पृष्ठभाग संगमरवराचा असतो. संगमरवर महाग असला तरी तो ओल्या फडक्याच्या एका हाताने स्वच्छ होतो आणि उकाड्यात थंड राहतो. ज्या समाजात कोणी स्पर्श केलेल्या जागेवर कोणी बसावे यासंबंधी कडक विधिनिषेध होते, तेथे डोळ्यांदेखत पुसून लख्ख होणारा दगडी पृष्ठभाग ही केवळ आरोग्याची सोय राहत नाही. मागील गिऱ्हाईकाची खूण पुसून टाकणारा हा पृष्ठभाग पुढील गिऱ्हाईकाचा संकोचही काही प्रमाणात पुसतो.

खुर्च्यांचा इतिहास तर थेट मध्य युरोपात पोहोचतो. वाफेवर मऊ केलेले बीच वृक्षाचे लाकूड साच्यात वाकवून खुर्च्या तयार करण्याचे तंत्र मिखाएल थोनेट यांनी विकसित केले. १८५९ मध्ये आलेली त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढ्यांतच उभी राहते. सुटे भाग केल्यास एक घनमीटर आकाराच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. जहाजाने दूरवर पाठवण्यास ही रचना अत्यंत अनुकूल होती. वाकवलेल्या लाकडाच्या या जातीच्या खुर्च्या मुंबईच्या बंदरात उतरल्या आणि व्हिएन्नाच्या कॅफेची ओळख असलेले आसन गिरणगावच्या कामगाराच्याही वाट्याला आले. वेताची बैठक हवेशीर असते आणि हलकी खुर्ची एका हाताने उचलून दुसऱ्या टेबलाकडे नेता येते. चौघांच्या टेबलाला पाचवा माणूस सहज जोडला जाणे, ही गप्पांच्या जागेची आवश्यक अट या खुर्चीने पूर्ण केली.

फरशीच्या संदर्भात आपल्या परिसराशी निगडित एक बाब नमूद केली पाहिजे. प्रारंभी नक्षीदार फरश्या युरोपातून येत. त्यांना स्वदेशी पर्याय द्यावा या हेतूने पिरोजशा सिधवा व रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा पहिला कारखाना उरण येथे होता. विसाव्या शतकातील मुंबईच्या अनेक इमारतींत दिसणाऱ्या रंगीत सिमेंटच्या फरश्यांच्या देशी उद्योगाचा आरंभ अशा रीतीने आजच्या द्रोणागिरीच्या शेजारी झाला आहे.

बऱ्याच हॉटेलांत उंच छताचा फायदा घेऊन लाकडी पोटमाळा काढलेला असे. तेथे अथवा आतील बाजूस पडदे किंवा अर्ध्या उंचीचे पाटिशन घालून 'फॅमिली रूम' केलेली असे. स्त्रिया व कुटुंबे तेथे बसत. इंग्लिश पबमधील 'स्नग'चीच ही भारतीय आवृत्ती म्हणता येईल. सार्वजनिक जागेत स्त्रीला स्थान देणे आणि त्याच वेळी तिला नजरेआड ठेवणे हा विरोधाभास दोन्ही वास्तूंत सारखाच आढळतो.

वास्तू आणि सामाजिक व्यवहार

मुंबईच्या चाळीतील खोली लहान आणि तीत राहणारी माणसे अनेक. कोकण व घाटावरून आलेला कामगार अनेकदा कुटुंब गावी ठेवून येई आणि दहा-बारा जणांत एक खोली वाटून घेई. त्याच्या घराला दिवाणखाना नव्हता. पाहुणा आला, गावचा माणूस भेटला, पत्र वाचून घ्यायचे असले, नोकरीची बोलणी करायची असली, तर तो कोपऱ्यावर इराण्याकडे जाई. एका चहाच्या मोबदल्यात संगमरवरी टेबल, पंखा, वर्तमानपत्र आणि तासभराचा निवांतपणा मिळे. चाळीच्या तळमजल्यावरील इराणी हॉटेल हे वरच्या सर्व खोल्यांचे सामाईक दिवाणखाना होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

येथे कोण बसत होते हेही महत्त्वाचे आहे. त्या काळी रेल्वे स्थानकांवर हिंदूंचे व मुसलमानांचे पिण्याचे पाणी वेगळे असे; अनेक खाणावळी जातीच्या नावाने चालत. इराणी मालक या जातिव्यवस्थेच्या उतरंडीबाहेरचा होता. गिऱ्हाईकाची जात विचारण्याचे त्याला सर्वसाधारणपणे प्रयोजन नव्हते. म्हणून टॅक्सीचालक, वकील, गिरणी कामगार, विद्यार्थी आणि घोड्यांच्या शर्यतीचे शौकीन एकाच छताखाली आले. हे चित्र सर्वत्र व सर्वकाळ निर्दोष होते असे मानण्याचे कारण नाही. पण भिन्न थरांतील माणसांना पाठीला पाठ लावून बसवणारी इतकी स्वस्त व उघडी वास्तू त्या शहरात दुसरी नव्हती.

कायदा आणि वास्तू : परमिट रूमचे उदाहरण

पबचा समांतर विचार करताना मद्याचा प्रश्न टाळता येत नाही. उरण परिसर एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होता आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या उत्पादनावरील सरकारी नियंत्रण घट्ट झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू झाला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अस्तित्वात आहे. पुढील दशकांत धोरण शिथिल झाले, तरी मद्यपानासाठी व्यक्तीपाशी परवाना हवा ही कायदेशीर चौकट टिकून राहिली. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आले.

या कायद्याने एक वेगळीच वास्तू घडवली. परमिट रूमच्या दर्शनी भागात काळी काच, बंद दार, आत मंद दिवे आणि उंच पाठीची कप्पेबंद आसने असतात. बाहेरून आतले व आतून बाहेरचे दिसू नये ही तिची मुख्य अट असते. कालांतराने ज्या इराणी हॉटेलांचे मालक टिकाव धरू शकले नाहीत, त्यांपैकी काहींनी बिअर बार किंवा परमिट रूमचा मार्ग स्वीकारला. जागा तीच, कोपरा तोच. परंतु दोन रस्त्यांकडे उघडणारी दारे बंद झाली. भिंती व खांब तसेच राहूनही वास्तूचा आशय कसा पालटतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये खेड्याला एकत्र आणणारी भूमिका मद्यगृहाने निभावली. मुंबईत ती चहाने निभावली आणि मद्यगृह मात्र पडद्याआड गेले.

ऱ्हासाची कारणे आणि जतनाचे प्रश्न

एके काळी शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेले आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. याची कारणमीमांसा केवळ बदललेल्या आवडीनिवडींनी होत नाही. दाक्षिणात्य उडुपी हॉटेलांची स्पर्धा हे एक कारण. इराण्यांच्या कूलरजवळच माटुंग्यात १९४२ मध्ये रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग उभे राहिले, ही घटना या स्थित्यंतराची द्योतक आहे. पुढील पिढीने शिक्षण घेऊन अन्य व्यवसाय स्वीकारले, हे दुसरे कारण. तथापि सर्वांत निर्णायक कारण जागेच्या अर्थकारणात दडलेले आहे.

एका चहावर तासभर बसू देणारी वास्तू चौरस फुटामागे फारच अल्प उत्पन्न देते. ती इतकी वर्षे टिकली, कारण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठवलेली होती. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातही जुन्या भाडेकरूंना बऱ्याच अंशी संरक्षण राहिले. परंतु इमारत मोडकळीस आली, पुनर्विकास झाला किंवा भाडेकरूने हक्क हस्तांतरित केला, की हे संरक्षण संपते आणि उंच छताचे दालन बाजारभावाने मोजले जाते. बाजारभावात संथ चहा बसत नाही.

जतनाच्या कायद्यातही एक उणीव आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा विनियम लागू झाले आणि इमारतींची श्रेणीनुसार यादी झाली. श्रेणी एक वगळता अन्य श्रेणींत अंतर्गत बदलांना कमी-अधिक वाव आहे. इराणी हॉटेलाचे मूल्य मात्र त्याच्या दर्शनी भिंतीत नसून अंतर्भागात आहे. भिंत राखली आणि गल्ला, आरसे, टेबले गेली, तर वारसा राखला असे म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये हा प्रश्न आधी उपस्थित झाला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅम्पेन फॉर रिअल एल' या ग्राहक संघटनेने ऐतिहासिक पबच्या अंतर्भागांची स्वतंत्र राष्ट्रीय सूची तयार केली. २०११ च्या स्थानिकता कायद्याने एखादा पब 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवण्याची व तो विक्रीस निघाल्यास गावकऱ्यांना खरेदीची तयारी करण्यासाठी मुदत मिळण्याची तरतूद केली. २०१७ पासून तेथे पब पाडण्यास किंवा त्याचा वापर बदलण्यास नियोजन परवानगी सक्तीची आहे. याउपर तेथेही पब बंद पडत आहेत. पण तो तोटा सार्वजनिक तोटा आहे, हे तेथील कायद्याने मान्य केले आहे.

लंडनमध्ये २०१० पासून 'दिशूम' या नावाने मुंबईच्या इराणी कॅफेच्या धर्तीवरील उपाहारगृहे चालू आहेत. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवर, आरसे आणि सूचनाफलक तेथे हेतुपूर्वक मांडलेले आहेत. पबच्या मायभूमीत इराणी हॉटेलाचे रूप प्रतिष्ठित झाले, ही आनंदाची बाब होय. मात्र रूपाचे अनुकरण शक्य असले, तरी एका स्वस्त चहावर कोणालाही बसता येणे हा त्या वास्तूचा गाभा अनुकरणाने येत नाही.

द्रोणागिरीचा कोपरा

आता आपल्या परिसराकडे वळू. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची रचना स्वतंत्र नोडमध्ये केली. द्रोणागिरी हा त्यांतील एक. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले जवाहरलाल नेहरू बंदर त्याच्या निकट आहे. या भूमीचा इतिहास भूसंपादनाचा व संघर्षाचाही आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्यानंतर विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याची योजना आकारास आली. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपर ते उरण हा रेल्वेचा टप्पा व शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू हे दोन्ही सुरू झाले आणि वसाहतीची गती वाढली.

येथे दोन प्रकारच्या वस्त्या शेजारी-शेजारी नांदत आहेत. बोकडवीरा, नवघर, पागोटे, फुंडे, भेंडखळ यांसारख्या गावांत देवळाचा पार, ओटा, समाजमंदिर या पूर्वापार भेटीच्या जागा आहेत. सेक्टरमधील नव्या इमारतींत देशाच्या निरनिराळ्या भागांतून बंदर, गोदामे व वाहतूक व्यवसायांसाठी आलेली माणसे राहतात. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतील कामगाराप्रमाणे यांतील अनेकजण एकटे आहेत आणि त्यांच्याही खोलीला दिवाणखाना नाही. गावच्या पारावर परका बसत नाही आणि सेक्टरच्या फाटकातून गावकरी सहज आत जात नाही. या दोघांना एकत्र आणणारी तिसरी जागा कोणती, हा प्रश्न येथे केवळ सैद्धांतिक राहत नाही.

नव्या इमारतींच्या तळमजल्याची प्रचलित रचना म्हणजे अरुंद, खोल आणि एकाच तोंडाचे गाळे, आणि त्यांना लोखंडी शटर. या गाळ्यात विक्री होते, पण बसणे होत नाही. म्हणून चहा गाळ्याबाहेर, टपरीवर जातो. टपरी उपयुक्त आहे. तथापि तेथे पावसात, वृद्धापकाळात किंवा स्त्रियांना निर्धास्तपणे तासभर बसता येत नाही. चौकावरचा भूखंड आपल्याकडेही आहे. पण त्या कोपऱ्याचे दोन-तीन गाळ्यांत तुकडे केल्यास दोन दर्शनी बाजूंचे सर्व लाभ वाया जातात.

यावरून काही सूचना करता येतात. प्रत्येक सेक्टरातील किमान एका चौकावर तळमजल्याचा कोपरा अखंड दालन म्हणून राखावा. त्याचे छत उंच आणि दोन्ही बाजू उघडत्या असाव्यात. गाव व सेक्टर यांच्या सीमेवरील चौकाला यात प्राधान्य द्यावे. अशा दालनाचे भाडे त्याच्या सामाजिक उपयोगाच्या प्रमाणात सवलतीचे ठेवावे. कारण भाड्याची चौकट बदलली की वास्तू टिकत नाही, हा इराणी हॉटेलांचा धडा आहे. तेथे चहा कोणी विकावा हा गौण प्रश्न आहे. महिला बचत गट, सहकारी संस्था किंवा खाजगी व्यावसायिक यांपैकी कोणीही तो विकू शकेल. मात्र स्त्रियांसाठी वेगळा कप्पा काढण्याऐवजी संपूर्ण दालनच त्यांना निर्धास्त वाटेल असे उजळ व दृश्य ठेवावे. या एका बाबतीत पब व इराणी हॉटेल या दोघांच्याही पुढे जाणे आवश्यक आहे.

समारोप

इंग्लिश खेड्यातील पब आणि मुंबईचे इराणी हॉटेल या दोन्ही वास्तू कोणा विख्यात वास्तुविशारदाच्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. हवामान, कायदा, भाडे, स्थलांतर आणि उपलब्ध साहित्य यांच्या परस्परक्रियेतून त्या घडल्या. म्हणूनच त्यांचा अभ्यास आठवणींच्या पलीकडे जाऊन केला पाहिजे. शेकोटी असो वा संगमरवर, ठेंगणे छत असो वा उंच, त्यांचे खरे कार्य माणसाला थोड्या पैशांत, विनासंकोच, इतरांच्या सहवासात बसता येणे हे होते. जुन्या शहरात ही जागा योगायोगाने निर्माण झाली. द्रोणागिरीसारख्या नियोजित शहरात असा योगायोग घडण्यास फारसा वाव नसतो. नकाशावर जे आखले जाते तेच उभे राहते. येथील अनेक भूखंड अद्याप रिकामे आहेत आणि चौकांचे कोपरे मोकळे आहेत, तोवरच हा विचार कृतीत आणणे शक्य आहे.